बारा शब्दांची शिकवणी

चांदूर बाजारच्या भाजीबाजारात मनकर्णाबाईचं दुकान म्हणजे एक ताडपत्री, चार टोपल्या आणि तिचं डोकं. शाळा दुसरीपर्यंत, तीही अर्धी. पण कोणत्या घरात सासऱ्याला वांगं चालत नाही, कोणाची लेक बाळंतपणाला आलीय म्हणून शेपू लागेल, कोणती बाई दहा भेंड्या मोडून पाहिल्याशिवाय पाव किलो घेत नाही, हे सगळं तिला तोंडपाठ. एक मास्तरीणबाई कौतुकाने म्हणाली, "मनकर्णाबाई, तुम्ही शिकल्या असत्या तर कलेक्टर झाल्या असत्या." बाई सांभाराची जुडी तिच्या पिशवीत टाकत म्हणाली, "मंग तुमाले सांभार कोनं देल्ला असता?" पुण्या-मुंबईकडे ज्याला कोथिंबीर म्हणतात तो आमच्याकडे सांभार, आणि मनकर्णाबाईसारखा हिरवागार सांभार बाजारात कोणाकडे नसायचा. नवरा सूर्यभान मळ्यात पिकवणार, ही बाजारात विकणार. हिला बोलायला तोंड, त्याला राबायला हात, असा वाटा लग्नातच पडलेला.

पण ह्या बाईची गोष्ट भाजीपाशी थांबत नाही, तिच्या पोरापाशी जाते. ललित, एकुलता एक, तेवीस वर्षांचा. परतवाड्याला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होता. एका पोळ्याला, सजवलेल्या बैलांच्या रांगेसमोर उभा राहून तो ओरडायला लागला की हे बैल माझ्याबद्दल बोलून राहिले, यांची तोंडं बांधा. लोक हसले. पोरांनी शिट्ट्या मारल्या. मनकर्णाबाईने त्याला हाताला धरून घरी आणलं आणि दार लावून घेतलं.

पुढचे आठ महिने गेले ते जाणत्यांच्या, अंगाऱ्या-धुपाऱ्यांच्या नादात. तिला नावं ठेवायला सोपं आहे. पण त्या आठ महिन्यांत गावात भगत तीन भेटले आणि मनाचा डॉक्टर एकही भेटला नाही, त्याची लाज कोणाला वाटायला पाहिजे ते ज्याचं त्याने ठरवावं. शेवटी कोणीतरी अमरावतीच्या एका दवाखान्याचा पत्ता दिला. तिथल्या गोळ्यांनी दोन महिन्यांत आवाज थांबले. ललित झोपायला लागला, जेवायला लागला. आता झालं, असं सगळ्यांना वाटलं.

झालं काहीच नव्हतं, पुढची दोन वर्षं तशीच गेली. मीठ आणायला पाठवला तर पोरगा किराणा दुकानासमोर अर्धा तास उभा, काय आणायला आलो ते डोक्यात नाही. मोटर चालू करून ये म्हटलं तर विहिरीपर्यंत जाऊन परत येणार. सिनेमा लावला तर मध्यंतरापर्यंत हिरोचं नाव हरवलेलं. मनकर्णाबाई डॉक्टरला म्हणाली, "सायेब, भूत गेलं, पन जाता जाता घरातलं सामान घेऊन गेलं."

मोठे डॉक्टर तसे भले. ते म्हणाले, "बाई, आवाज थांबवायची औषधं आहेत आमच्याकडे. विचार करायची ताकद परत आणायचं औषध नाही. जगात कुठंच नाही. पण एका गोळीची तपासणी चालू आहे, आजार नवा असलेल्या पेशंटांवर. चालते की नाही, तेच पाहायचंय."

"म्हंजे माया पोरावर प्रयोग?"

"हो."

खोटं बोलले असते तर ती उठून गेली असती. सरळ 'हो' म्हणाले म्हणून बसून राहिली.

मग दामिनी आली. मानसशास्त्र शिकलेली, पंचविशीची, अमरावतीचीच पोरगी. तिच्या हातात सतरा पानांचं संमतिपत्र. तिने समोर कॅमेरा लावला, कारण संमतीचं शूटिंग करायचा नियम, आणि सगळं समजावलं. आधीच्या गोळ्या चालूच राहणार. त्यावर नवी गोळी सहा महिने. अर्ध्या लोकांना खरी, अर्ध्यांना तशीच दिसणारी पण आत औषध नसलेली. कोणाला कोणती, ते पेशंटला कळणार नाही, डॉक्टरलाही नाही.

"मंग कळते कोनाले?"

"कॉम्प्युटरला, काकू."

"वा! पोट्टं आमचं, गोळी तुमची, आन् कळते कॉम्प्युटरले."

दामिनी कॅमेऱ्यासमोर हसू दाबत राहिली. मनकर्णाबाई नाही म्हणायच्या बेतात होती. तेवढ्यात ललित, जो तासभर पंख्याकडे पाहत बसला होता, म्हणाला, "मले घ्या त्याच्यात. मले डोकं वापस पाहिजे."

कित्येक महिन्यांत त्याने आपल्या मनाने बोललेलं हे पहिलं धड वाक्य. मनकर्णाबाईने अंगठ्याऐवजी सही केली, दुसरीतली शिकलेली, चार अक्षरं, वाकडी.

"आता आत घेण्याआधी ललितची दोनदा टेस्ट होईल," दामिनी म्हणाली. "एक आज, एक पंधरा दिवसांनी."

टेस्ट! चांदूर बाजारपासून अमरावतीपर्यंत एकही भिंत रिकामी नाही. पोलीस भरती, तलाठी भरती, वनरक्षक, हमखास यश, शेवटच्या दहा जागा. प्रत्येक घरातलं एक पोरगं कुठल्यातरी अभ्यासिकेत मान मोडून बसलेलं. ह्या मुलखात टेस्टचा अर्थ एकच, जो पास तो आत आणि जो नापास तो बाहेर. जिथं नापास होणाऱ्यालाच आत घेतात अशी टेस्ट कोणी पाहिली होती? सतरा पानांत ते लिहिलेलं होतं म्हणे, अकराव्या पानावर. 'संज्ञानात्मक कार्यक्षमतेत निर्धारित मर्यादेपेक्षा न्यूनता आढळणे आवश्यक.' हे मराठी ज्याने लिहिलं त्याला एकदा भाजीबाजारात आणून उभं करावं आणि ह्याच भाषेत पाव किलो मिरच्या मागायला लावाव्यात.

टेस्टची खोली प्लायवूडची भिंत घालून काढलेली. बाहेर बाकावर मनकर्णाबाई. आतून दामिनीचा आवाज स्वच्छ येत होता. "ललित, मी बारा शब्द सांगते, मग तू आठवतील तेवढे सांग. विहीर, चष्मा, घोडा, साबण, पूल, आरसा, लिंबू, टोपी, शिडी, ढग, कुलूप, मोर."



"विहीर," ललित म्हणाला. बऱ्याच वेळाने, "मोर."  दामिनीने यादी पुन्हा वाचली. पाच वेळा वाचली. पोराची गाडी चार शब्दांच्या पुढे सरकली नाही. बाहेर मनकर्णाबाईला दुसऱ्याच वाचनात बाराच्या बारा पाठ झाले होते, अगदी ओळीने. तिला वाटलं, ही भिंत फोडावी आणि आपल्या तोंडातून शब्द काढून त्याच्या तोंडात घालावेत, लहानपणी वरणभात घालायची तसे.

शेजारी बेबीताई म्हणून दर्यापूरकडची बाई बसली होती. तिच्या पोराच्या दोन्ही टेस्ट झालेल्या, आणि तो कालच आत घेतला गेलेला.

"दुसऱ्या बारीलेबी हेच विचारतेत काय व?" मनकर्णाबाईने हळूच विचारलं.

"हेच शब्द. माया गोप्याले दोन्ही बारीले काई सांगता नाई आलं. पार नापास. तरी घेतला बिचाऱ्याले. डॉक्टरले दया आली."

दया! मनकर्णाबाईच्या अंगावर तो शब्द खाजकुयलीसारखा उतरला. बाजारात घासाघीस करणाऱ्याला तिने कधी हात जोडले नव्हते. आपलं पोरगं दयेवर आत जाणार नाही, पास होऊन जाईल, असं तिने त्या बाकावर ठरवून टाकलं. खरं काय ते बेबीताईने तिच्या पुढ्यात आणून ठेवलं होतं, आणि तिने ते अभिमानाने पायाने बाजूला सारलं.

दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली. पहाटे सांभाराच्या जुड्या बांधताना, दुपारी बाजारातून आल्यावर, संध्याकाळी मळ्यात. नुसते शब्द त्याच्या डोक्यात टिकत नाहीत हे तिला पहिल्याच दिवशी कळलं, मग तिने त्यांची गोष्ट केली. "सरपंचाच्या विहिरीत चष्मा पडला. चष्मा काढाले कोन उतरलं?"

"घोडा."

"घोड्याच्या पायाले काय लागलं?"

"साबन."

"मंग घसरून कुठी पडला?"

ललितने कपाळाला आठ्या घातल्या. आणि एकदम फिस्सकन हसला. "माय, घोडा साबन लावते काय? तुले बी काई बी सुचते."

हे हसू तिने तीन वर्षांत ऐकलं नव्हतं. ती तोंड फिरवून जुड्या बांधत राहिली.

नवव्या दिवशी त्याने बारा शब्द सांगितले. दहाव्या दिवशी उलटे सांगितले, मोरापासून विहिरीपर्यंत. मनकर्णाबाईने शेजारणींना बोलावून म्हणवून घेतलं. मीठ आणायला अजूनही तो विसरत होताच, पण ते तिने पाहिलं न पाहिल्यासारखं केलं.

सूर्यभान हे सगळं भाकरी खाता खाता बघत होता. हा माणूस महिन्यातून चार वाक्यं बोलणारा. त्यातलं एक त्या दिवशी बोलला. "अवं, विसरते म्हनून तं औषध देऊन राहिले ना थे? आन् हा आधीच हुशार दिसला तं?"

"तुमाले काय समजते त्यातलं? हुशार पोरालेच भारी औषध देतेत. मठ्ठ पोरावर कोन खर्च करते?"

सूर्यभानने पुढची भाकरी मोडली. महिन्याची वाक्यं संपली होती.

पंधराव्या दिवशी पुन्हा ती प्लायवूडची भिंत, पुन्हा तो बाक. दामिनीने यादी वाचली. आणि ललितचा आवाज आला, न अडखळता, पाढे म्हटल्यासारखा. विहीर, चष्मा, घोडा, साबण. बाहेर मनकर्णाबाईचे ओठ त्याच्याबरोबर हलत होते. मोर आला. आत दामिनीचं पेन थांबलं. "ललित, पुन्हा सांगशील?" त्याने पुन्हा सांगितले. वर म्हणाला, "उलटे सांगू काय?"

मनकर्णाबाई उठून उभी राहिली. पदर सारखा केला. आता बोलावतील आणि गोळीचा डबा हातात देतील.

बोलावलं खरं. मोठे डॉक्टर खुर्चीत, दामिनी बाजूला, तिचं तोंड उतरलेलं.

"बाई, ललितला ह्या तपासणीत घेता येणार नाही."

"काहून? बारा सांगितले त्यानं! म्या सोता ऐकले."

"म्हणूनच. ज्यांची आठवण कमी पडते त्यांच्यासाठीच हे आहे. दोन्ही वेळा रेघेच्या खाली असावं लागतं. आज ललित रेघेच्या वर गेला."

 मग मनकर्णाबाईचा बांध फुटला. "अरे, म्या शिकोलं त्याले! पंधरा दिवस घोकून घेतलं! त्याले काई येत नाई सायेब, मीठ आनता येत नाई, मोटर चालू करता येत नाई. नापास हाय तो! माया पोट्टा नापास हाय!"

जी बाई भर बाजारात कोणाला आपल्या पोराला भैताड म्हणू देत नव्हती, ती भर दवाखान्यात ओरडून सांगत होती की माझा पोरगा मठ्ठ आहे. आणि पोरगा दारातच उभा होता.

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मला पटतं. पण आज झालेली टेस्ट पुसता येत नाही. आणि तुम्ही शिकवलं, हे आता तुम्ही सांगितलंत, तेही मला लिहावं लागेल."

"मंग नोका लिहू. म्या सांगितलंच नाई समजा. दुसरे बारा शब्द द्या. आत्ताच्या आत्ता घ्या."

"पुन्हा घेता येते. पण तीन महिने जावे लागतात. आणि आजार सुरू होऊन तीन वर्षांच्या आतला पेशंटच चालतो. तुम्ही तारीख पोळ्याची दिलीय."  डॉक्टरांचीही बोटं मोजून झाली होती. जूनचा मध्य होता. तीन महिने म्हणजे सप्टेंबर. पोळा ऑगस्टमध्येच येऊन जाणार होता, आणि त्याबरोबर तीन वर्षंही भरणार होती.

"बाई, एक लक्षात घ्या. आत घेतलं असतं तरी कदाचित रिकामी गोळी आली असती. खरी आली असती तरी चाललीच असती असं नाही."

"नसती चालली तं नसती चालली. दारापरेंत तं जाऊ द्याचं होतं."

बाहेर येताना ललितने विचारलं, "माय, म्या नापास झालो काय?"

"नाई रे. पास झाला."

"मंग गोळी?"

 तिने त्याचा हात धरला आणि स्टँडकडे चालायला लागली. दामिनी फाटकापर्यंत मागे मागे आली, "काकू, मी नीट सांगायला पाहिजे होतं," म्हणाली. मनकर्णाबाईने वळून पाहिलं नाही. पोरगी चांगली होती, पण चांगुलपणाने पान अकरा वाचून दाखवलं नव्हतं.

माणूस इथं थांबला असता तर निदान अर्धं वाचलं असतं. पण हार मानणं मनकर्णाबाईच्या रक्तात नाही, आणि तेच तिचं वाटोळं. बेबीताईकडून फोनवर कळलं की हीच तपासणी अकोल्यातही एका दवाखान्यात चालू आहे. तिने मनाशी जुळवलं. अकोल्याला कोण ओळखतो आपल्याला? तारीख दुसरी सांगू, त्या पोळ्याऐवजी त्याच्या पुढची दिवाळी. आणि ललितला पुन्हा तयार करू.

ह्या वेळची शिकवणी उलटी होती.

"कोनी शब्द इचारले तं किती सांगशीन?"

"बारा."

"नाई! तीन. तीनच सांगजो. मंग म्हनजो, नाई येत."

"पन मले येते ना माय."

"येते, पन नाई म्हनजो."

"काहून?"

"गोळी पाहिजे का नाई तुले?"

ललित विचारात पडायचा. जे आठ-दहा दिवसांत कष्टाने बसलं होतं ते कष्टाने उपटायला लावलं जात होतं, आणि त्या उपटण्यात आजूबाजूचंही निघून येत होतं. आकडे मोजायला सांगितले तर तो पाचावर थांबून तिच्याकडे बघायचा. वार विचारला तर आधी, "सांगू का नोको?" ती म्हणायची, शाबास, असंच. सूर्यभानने एकदा तोंड उघडलं आणि तिच्या डोळ्यांकडे बघून मिटलं.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात पहाटेच्या गाडीने दोघं निघाले. अमरावतीला गाडी बदलली, मूर्तिजापूरवरून अकोल्याला उतरले. दवाखाना नवा, गार हवेचा, काचेचा. डॉक्टर तरुण होता, बोलायला मऊ. ललितला समोर बसवून हसत म्हणाला, "काय नाव तुझं?"

 ललितने वळून आईकडे पाहिलं आणि मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं, विचारलं, "माय, हे येते म्हनू का नाई येत म्हनू?"

डॉक्टरचं हसू जागच्या जागी थांबलं. मनकर्णाबाईने खाली पाहिलं. तिच्या पायातल्या चपलांना अजून चांदूर बाजारची काळी माती लागलेली होती, पांढऱ्या फरशीवर तिचे तुकडे पडले होते.

"ललित नाव हाय त्याचं," ती म्हणाली.

डॉक्टरने ललितच्या आधार कार्डावरून काहीतरी टाइप केलं, स्क्रीन पाहिली आणि ती थोडीशी तिच्याकडे वळवली, जणू तिला वाचता येईल. "अमरावतीला नोंद आहे तुमची. दोन्ही दवाखाने एकाच यादीवर चालतात, बाई. इथं टेस्टपर्यंत गेलंच नसतं. काही शिकवलं असतंत, नसतंत, तरी."

ओरडायला, भांडायला तिच्याकडे काहीच शिल्लक नव्हतं. रागावर जगलेली बाई. तो राग कोणावर काढावा ते पहिल्यांदाच तिला सापडलं नाही. डॉक्टरांनी कोणालाच फसवलं नव्हतं, बेबीताईने मनातलं सांगितलं होतं, कॉम्प्युटरला तर तोंडच नव्हतं.

परतीच्या गाडीत ललितला खिडकी मिळाली. मूर्तिजापूरला गाडी थांबली तेव्हा तो म्हणाला, "माय, तहान लागली म्हनू काय?" तिने बाटली दिली. तो प्यायला नाही, वाट पाहत राहिला. ती म्हणाली, "पी." मग प्यायला.

तेव्हापासून तेच चालू आहे. अमरावतीचे मोठे डॉक्टर म्हणाले, जाईल सवय हळूहळू, त्याला काही सांगू नका, त्याचं त्याला ठरवू द्या. त्याचं तो काहीच ठरवत नाही. बाजारात कोणी नाव विचारलं की मनकर्णाबाईकडे बघतो. पोरांना खेळ मिळालाय, येता जाता विचारतात, "काय ललितभाऊ, तुमाले नाव हाय का नाई?" पूर्वी ती दगड घेऊन धावली असती. आता मान खाली घालून टोपली सारखी करते. मास्तरीणबाईला परवा तिने शेपूऐवजी पालक दिला आणि मास्तरीणबाई काही न बोलता घेऊन गेली.

काल संध्याकाळी तिघं जेवायला बसली. ज्वारीची भाकरी, चवळीची भाजी. ललितच्या ताटातली भाकरी संपली तशी सूर्यभानने टोपल्यातली दुसरी हातात घेतली. "देऊ काय रे?"

ललितने बापाकडे पाहिलं नाही. त्याने आईकडे पाहिलं.

मनकर्णाबाईने डोळे मिटून घेतले. तोंडातून एक शब्द काढायचा नाही, मेली तरी नाही, असं तिने ठरवलं होतं. सूर्यभानचा हात भाकरीसकट तसाच अधांतरी राहिला. भाजी निवायला लागली. ललित वाट पाहत होता, शांतपणे, कंटाळा न करता. त्याला घाई नव्हती.

शेवटी तीच हरली. "हो म्हन," ती म्हणाली.

"हो," ललित म्हणाला आणि ताट पुढे केलं. त्याला भूक होती की नव्हती, ते तिघांपैकी कोणालाच कळलं नाही.